जतन की आसक्ती?



आपल्या प्रत्येकाच्या घरात एखादी जुनी वस्तू असते. आईचे जाते, वडिलांची पडशी, आजोबांचे टाळ. ती मोडली की मनात दोन विचार येतात. एक म्हणतो, नीट करून घे. दुसरा म्हणतो, नाशिवंताचा एवढा लोभ कशाला? यातला खरा कोणता, हे मला एका टेम्पोने शिकवले. ती हकिकत आपल्यापुढे ठेवतो.

आमचे गाव बीड जिल्ह्यातल्या श्रीक्षेत्र नारायणगडाच्या परिसरातले. नगद नारायण महाराजांच्या या गडाला लोक ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. टाटांची ४०७ बाजारात आली १९८६ साली. दोन वर्षांनी आमच्या वडिलांनी ती घेतली. एरवी ती कापूस, कांदा वाहायची. आषाढी जवळ आली की हौदा धुऊन दिंडीच्या सेवेला लागायची. राहुट्या, भगुणी, पिठाची पोती, वारकऱ्यांच्या वळकट्या असे सारे तिच्यात असायचे. विशीतला मी ती चालवायचो आणि पायाला फोड आलेल्या एखाद्या आजीला शेजारी बसवून मुक्कामी पोचवायचो.

पुढे वडील गेले, गाडी गोठ्याशेजारी उभी राहिली. पत्रा गंजला, हौद्यात बाभूळ उगवली. साठी ओलांडल्यावर मला वाटले, हिला एकदा पंढरीच्या वाटेवर न्यावे.

इंजिन उतरवले. बोअर करून नवे पिस्टन, नव्या रिंगा टाकल्या. क्लच प्लेट, रेडिएटर, पाटे, हौद्याच्या फळ्या, सारे बदलले. घरातून विचारणा झाली, “एवढ्यात विहिरीवरची मोटर नसती का आली?” माझ्याकडे उत्तर नव्हते. एके दिवशी मिस्त्रीही हसत म्हणाला, “काका, आता यात तुमची जुनी गाडी राहिली किती?”

माउली, हा प्रश्न फार जुना आहे. ‘मिलिंदप्रश्न’ या ग्रंथात भिक्षू नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे चाक का, आस का, जू का? एकेक भाग वेगळा केला तर रथ कुठे उरतो? आरटीओत पासिंगला गेलो तेव्हा तिथले उत्तर सोपे निघाले. चासीवरच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली, ठसा जुळला, म्हणजे गाडी तीच! मीही खूश झालो. वडिलांची गाडी परत आली, असे सगळ्यांना सांगत सुटलो.

त्या आषाढीला दिंडीत गेलो. पहिल्याच मुक्कामावर सामान भरताना पोरांनी चुलीवरची काळी भगुणी हौद्याकडे आणली. माझ्या तोंडून निघून गेले, “ती दुसऱ्या गाडीत टाका रे. हिचा रंग नवा आहे.” दुसरी गाडी आधीच भरलेली. तिला दोन खेपा कराव्या लागल्या. पुढच्या मुक्कामी चूल उशिरा पेटली. दिवसभर चाललेले वारकरी रात्री दहापर्यंत उपाशी बसून राहिले. कुणी मला बोलले नाही. फक्त वडिलांना ओळखणाऱ्या एक आजी म्हणाल्या, “तुझा बाप भगुण्याला कधी नाही म्हणला नव्हता, बाबा.”

त्या रात्री झोप लागली नाही. चासीचा नंबर तोच होता, पण वडिलांची गाडी मी त्या सकाळीच घालवली होती.

आता आपल्या वारीकडे पाहा. १६८५ साली तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी देहूहून पालखी सोहळा सुरू केला. तेव्हा चालणाऱ्यांपैकी आज कोण आहे? पखवाजाची पाने बदलली, पताकांचे कापड बदलले, पाय बदलले. तरी वारी तीच, कारण नेम तोच आहे. जुने जपण्यात दोष नाही. पंढरीच्या मूर्तीचीही झीज होऊ नये म्हणून वज्रलेप करतातच. पण तो दर्शन चालू राहावे म्हणून. मी मात्र रंग दिला आणि सेवा थांबवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मीच भगुणी उचलली. एकाचा कान फाळक्याला घासला आणि वीतभर ओरखडा उठला. काळजात चर्र झाले, खोटे कशाला सांगू? आसक्ती एका रात्रीत जात नाही. पण तो ओरखडा मी अजून बुजवलेला नाही.

आपल्या घरातली ती जुनी वस्तू आज आठवून पाहा. ती कपाटात जपली आहे, की कुणाच्या उपयोगी पडते आहे? शेजारच्या भजनासाठी कुणी आजोबांचे टाळ मागितले, तर आपला हात पुढे होतो की मागे? उत्तर मला नको, आपणच आपल्याला द्यावे.

रामकृष्ण हरी.