भार, मनगट आणि अनागत दुःख

वेदना सोसावी की टाळावी, या प्रश्नाला भारतीय तत्त्वविचारात एकच एक उत्तर नाही. एकीकडे तितिक्षा, म्हणजे शीत-उष्ण आणि सुख-दुःख कुरकुर न करता सोसण्याची शक्ती, हा साधकाच्या अंगी असावयाच्या गुणांपैकी एक मानला गेला. तर दुसरीकडे दुःखाची निवृत्ती हेच सांख्य, योग आणि बौद्ध या तिन्ही विचारधारांचे प्रयोजन ठरले. हा पेच बहुधा संन्यास, उपवास किंवा मृत्यू अशा गंभीर संदर्भांत चर्चिला जातो, परंतु व्यायामशाळेत वजन उचलणाऱ्या माणसाच्या मनगटातही तो तितक्याच स्पष्टपणे उभा राहतो. ज्याला बळ कमवायचे आहे त्याला कष्ट सोसल्यावाचून गत्यंतर नसते, आणि नको ते सोसत राहिल्यास ज्या हाताने बळ कमवायचे तो हातच अधू होऊन बसतो. तेव्हा कोणते कष्ट सोसण्याजोगे आणि कोणते दुःख टाळण्याजोगे, हा निवाडा कशाच्या आधारे करायचा, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

या विचारासाठी उपयुक्त चौकट पतंजलीच्या योगसूत्रांत सापडते. साधनपादातील 16 व्या सूत्राचा आशय असा की, जे दुःख अद्याप आलेले नाही तेच ‘हेय’, म्हणजे टाळण्यास योग्य, होय. व्यासभाष्यात याचे कारण दिले आहे: होऊन गेलेले दुःख भोगून संपलेले असते आणि चालू क्षणीचे दुःख भोगले जातच असते, म्हणून ही दोन्ही टाळण्याच्या कक्षेत येत नाहीत, उरते ते केवळ अनागत, म्हणजे पुढे येऊ घातलेले दुःख. याच्या लगतच्या आधीच्या सूत्रावरील भाष्यात योगशास्त्राची तुलना वैद्यकाशी केलेली आहे. रोग, रोगाचे कारण, आरोग्य आणि औषध अशी वैद्यकाची जशी चार अंगे, तशीच हेय, हेयहेतू म्हणजे त्याचे कारण, हान म्हणजे त्याचा अभाव आणि हानोपाय म्हणजे त्या अभावाचे साधन, ही योगाची चार अंगे होत. पतंजलीला अभिप्रेत असलेले दुःख संसाराचे आहे आणि त्याचे कारण द्रष्टा व दृश्य यांचा संयोग हे आहे, हे विसरून चालणार नाही. सांध्यांची निगा हा त्या सूत्राचा विषय नव्हे. तथापि ही चौकट भाष्यकारानेच वैद्यकाच्या उदाहरणाने समजावलेली असल्याने ती पुन्हा शरीराला लावून पाहणे गैरवाजवी ठरत नाही.

पहिला प्रश्न हेय कोणते, हा आहे. वजन उचलल्यानंतर एक-दोन दिवसांनी दंड किंवा मांड्या ठणकतात तो ठणका आणि उचलतानाच मनगटात उठणारी कळ, या एका जातीच्या वेदना नाहीत. पहिली स्नायूंना अनोळखी श्रम पडल्याची खूण असते व थोड्या दिवसांत आपोआप ओसरते. दुसरी सांध्याची तक्रार असते आणि या सांध्याची रचना अधिक नाजूक आहे. मनगटात दोन ओळींत मांडलेली आठ छोटी हाडे असतात. हात सरळ रेषेत असताना पंजावर आलेल्या भारापैकी सुमारे 80 टक्के भार अंगठ्याकडील अग्रबाहूच्या हाडावर, म्हणजे बहिःप्रकोष्ठास्थीवर, आणि उरलेला करंगळीकडील हाडावर जातो. करंगळीच्या बाजूला या दुसऱ्या हाडाच्या टोकाशी कूर्चा आणि स्नायुबंध मिळून झालेली एक त्रिकोणी गादी आहे, जिच्या मध्यभागाला रक्तपुरवठाच नसतो, त्यामुळे तो भाग फाटला तर स्वतःहून सांधला जाण्याची शक्यता फार कमी असते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात 107 मर्मे सांगितली असून त्यांत मनगटाच्या ठिकाणी ‘मणिबंध’ नावाचे मर्म आहे. मर्म म्हणजे जेथील आघात विशेष घातक ठरतो असे स्थान. पण या 107 पैकी ज्या आठांना ‘रुजाकर’, म्हणजे प्रामुख्याने वेदना निर्माण करणारी, असे म्हटले आहे, त्यांत दोन्ही मणिबंधांची गणना होते. तेथील आघाताने जीव जात नाही, हात अकार्यक्षम होतो, ही सुश्रुताची नोंद मनगटाच्या दुखण्याचे स्वरूप नेमके पकडते.

दुसरा प्रश्न हेयहेतूचा. उताणे पडून छातीवरून बार वर ढकलण्याच्या व्यायामात, ज्याला सर्वत्र बेंच प्रेस म्हणतात, बार बोटांच्या मुळाशी टेकवला की त्याचे वजन अग्रबाहूच्या हाडांच्या रेषेत न राहता मागे सरकते आणि मनगट मागे मोडते. रेषेपासून भार जितका दूर, तितका सांध्याला वाकवणारा जोर अधिक. म्हणून हा दोष हलक्या वजनात जाणवत नाही आणि वजन चढत जाते तसतसा उघडा पडतो. तोच बार तळहाताच्या टाचेवर, मनगटाच्या अगदी लगत, अंगठ्याचा वेढा देऊन धरला, तर वजन सरळ हाडांवरून कोपराकडे उतरते. सरळ बारने दंड कमावताना पंजा पूर्ण उताणा राहण्याची सक्ती होते आणि मनगट पिळवटते. तालमीत जोर काढताना तळवे जमिनीवर सपाट ठेवल्याने मनगट काटकोनापर्यंत मागे वळते. करेला फिरवताना झोक्याचा सगळा ताण शेवटी मुठीखालच्या सांध्यावर येऊन थांबतो. यापैकी कोणताही व्यायाम स्वतः सदोष नाही. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, पण स्नायुरज्जू आणि स्नायुबंध यांना त्याहून बराच अधिक काळ लागतो. दंडाने साधलेले वजन मनगटाने पेललेच असेल असे नाही, आणि या दोन गतींमधील अंतर दुर्लक्षित राहिले की दुखण्याला वाट मिळते.

ही झाली भौतिक कारणे. चरकसंहिता मात्र कारणाची मीमांसा एवढ्यावर थांबवत नाही. तिच्या मते रोगाच्या मुळाशी पुष्कळदा ‘प्रज्ञापराध’ असतो; म्हणजे बुद्धी, धैर्य आणि स्मृती यांपैकी काहीतरी ढळल्यामुळे माणसाकडून घडलेले अनुचित कर्म. धैर्य या शब्दाचा येथील अर्थ धाडस असा नसून मनाला अहितकर विषयापासून आवरून धरण्याची शक्ती असा आहे. मनगटाच्या दुखण्याला ही मीमांसा चपखल लागू पडते. वजन सांध्याला झेपत नाही हे न कळणे हा बुद्धीचा दोष. कळूनही शेजारच्याने घातले तेवढे वजन घालण्याचा मोह न आवरणे हा धैर्याचा दोष. आणि मागच्या वेळी याच पकडीने दुखले होते हे विसरून पुन्हा तीच पकड घेणे हा स्मृतीचा दोष होय. चरकाच्या निदानस्थानात शोष या व्याधीच्या चार कारणांमध्ये ‘साहस’, म्हणजे स्वतःच्या बळापलीकडचे कर्म, पहिल्याने सांगितले आहे, आणि त्याच्या उदाहरणांत दुर्बलाने बलवानाशी झुंजणे, फार मोठे धनुष्य ओढणे आणि अति भार वाहणे यांचा समावेश होतो. तालमीच्या भाषेत जे कौतुकाने साहस म्हटले जाते ते वैद्यकाच्या भाषेत दोष ठरते, आणि या दोन मूल्यमापनांमधील विरोध हाच या चर्चेचा कळीचा मुद्दा आहे.

येथे एक सबळ आक्षेप उभा राहतो. परंपरेने शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या विवेकचूडामणीत तितिक्षेचे लक्षण सांगताना, सर्व दुःखे प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता सोसणे, असे म्हटले आहे. प्रतिकाराचाच निषेध असेल, तर पकड बदलणे, वजन उतरवणे, व्यायाम थांबवणे हे सारे तितिक्षेच्या विरुद्ध ठरेल. या आक्षेपाचे उत्तर तितिक्षेच्या आधारभूत युक्तिवादातच शोधता येते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शीतोष्णादी संवेदना सोसण्याचा उपदेश आहे, परंतु तेथे त्याचे कारणही दिले आहे: त्या येतात आणि जातात, त्या अनित्य आहेत. सोसण्याचे औचित्य असे वेदनेच्या येण्याजाण्यावर उभे आहे. ज्या कूर्चेला रक्तच पोहोचत नाही तिला झालेली इजा येते खरी, पण सहज जात नाही. तिच्या बाबतीत उपदेशाचा आधारच लटका पडतो. शिवाय तितिक्षेचा विषय प्राप्त, म्हणजे न मागता पुढ्यात आलेले, दुःख हा आहे. जे दुःख माणूस स्वतःच्या हाताने, कारण ठाऊक असूनही, रोज थोडे थोडे घडवीत असतो, ते सोसण्याला तितिक्षा म्हणणे म्हणजे घडविणाऱ्याचा दोष सोसणाऱ्याच्या गुणात लपविणे होय. भाष्यकाराची काळाची विभागणी येथे निर्णायक ठरते: वर्तमान दुःखाच्या ठिकाणी तितिक्षा आणि अनागत दुःखाच्या ठिकाणी प्रतिबंध, असा दोहोंचा विषय वेगळा असल्याने त्यांच्यात मुळात विरोध उरत नाही.

तपाच्या कल्पनेलाही हाच निकष लावावा लागतो. गीतेचा 17 वा अध्याय तपाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार करतो. मानसन्मानासाठी आणि दिखाऊपणाने केलेले तप राजस, तर मूढ हट्टाने स्वतःच्या देहाला पीडा देऊन केलेले तप तामस. शके 1212 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत या तामस तपाचे वर्णन विस्ताराने येते. डोक्यावर गुग्गुळ जाळणे, पाठीत गळ टोचून घेणे असे प्रकार ज्ञानदेव तेथे गणतात आणि अशा देहदंडाला थारा देत नाहीत. दुखऱ्या मनगटावर पट्टा आवळून तेच वजन पुन्हा उचलणारा माणूस या यादीत बसेल असे त्याला स्वतःला कधी वाटणार नाही, परंतु गीतेचा निकष वेदना किती तीव्र हा नसून ती कोणत्या बुद्धीने ओढवून घेतली हा आहे. त्या निकषाने आरशासाठी सोसलेली कळ राजस आणि हट्टासाठी सोसलेली तामस ठरते.

राहिला हानोपाय. व्यायाम ‘अर्धशक्ती’ने करावा, असे सुश्रुत सांगतो, आणि श्वास तोंडावाटे घेण्याची वेळ येणे ही निम्मी शक्ती खर्च झाल्याची खूण मानतो. आजचे प्रशिक्षक प्रत्येक फेरीत एक-दोन आवर्तने शिल्लक असतानाच वजन ठेवावे असे सांगतात; मोजमाप निराळे असले तरी शक्तीचा तळ गाठू नये हा विवेक दोन्हीकडे समान आहे. त्याला धरून पुढचे उपाय येतात. भारी वजनाआधी रिकाम्या बारने मनगट तापवून घ्यावे. पंजा आणि अग्रबाहू एका रेषेत राहतील अशी पकड साधेपर्यंत वजन वाढवू नये, आणि वाढवले तरी टप्प्याटप्प्याने वाढवावे. सरळ बार पिळवटत असेल तर वळणदार बार किंवा डंबेल घ्यावेत. जोर लाकडी मुठी धरून काढावेत. खांद्यांवर पुढून बार घेण्याच्या बैठकांमध्ये भार खांद्यांवरच टेकवून कोपरे उंच ठेवावीत. आणि मूठ आवळणाऱ्या स्नायूंबरोबर पंजा मागे उचलणाऱ्या स्नायूंनाही हलक्या वजनाने तयार करावे. सूज, बोटांना मुंग्या, पकड ढिली पडणे किंवा हातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी टिकून राहिलेले दुखणे, ही व्यायाम थांबवून डॉक्टरांना हात दाखवण्याची लक्षणे आहेत.

मनगटपट्ट्याविषयी मात्र सांख्यांचा एक जुना युक्तिवाद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सांख्यकारिकेच्या आरंभीच असा पूर्वपक्ष येतो की, दुःखावर औषधासारखे दृष्ट, म्हणजे डोळ्यांना दिसणारे, उपाय उपलब्ध असताना तत्त्वजिज्ञासेची गरजच काय. त्यावर उत्तर असे की, दृष्ट उपायांनी दुःख नक्की जाईल याची खात्री नसते आणि गेलेले परत येणार नाही याचीही नसते. पट्टा हा असाच दृष्ट उपाय आहे. कमाल वजनाच्या प्रयत्नात तो सांध्याला आधार देतो, परंतु पकड चुकीची असेल तर ती तशीच ठेवून केवळ तिची जाणीव बोथट करतो. यावरून पट्टा त्याज्य ठरत नाही. कारण समजून घेतल्यानंतरच तो उपाय होतो आणि कारणावर पांघरूण घालण्यासाठी वापरला तर तोच हेयहेतू बनतो, एवढे मात्र ठरते.

वेदना टाळण्याच्या या विचारातून भित्रेपणा पोसला जाईल आणि जो जरा दुखले की थांबतो त्याच्या हातून काहीच घडणार नाही, ही शंका अगदीच निराधार नाही. पूर्ण विश्रांती हा मनगट वाचविण्याचा खात्रीचा मार्ग नव्हे, कारण भार न मिळालेली हाडे आणि स्नायुरज्जू दुबळे होत जातात व पुढे किरकोळ ओझ्यानेही दुखावतात. सहाव्या अध्यायात गीतेने अति खाणारा आणि मुळीच न खाणारा या दोघांनाही योगाचे दार बंद केले, तसेच येथेही अति भार आणि भाराचा त्याग ही दोन्ही टोके अनागत दुःखाकडेच नेतात. म्हणून निवाड्याचा निकष वेदना आहे की नाही, असा असू शकत नाही. जी वेदना ओसरते आणि मागे शक्ती ठेवून जाते ती सोसावी, जी सांध्यात ठाण मांडते आणि जिचे कारण स्वतःच्या पकडीत, घाईत किंवा ईर्षेत सापडते ती टाळावी. आणि या दोहोंमधील भेद वजनाला हात घालण्यापूर्वीच करण्याची सवय जडली, तर व्यायामशाळेतील तो विवेक शास्त्रांनी साधकाकडून मागितलेल्या विवेकाहून जातीने वेगळा राहत नाही.