कुलूप आणि कर्ज

एखादी वस्तू ‘माझी’ आहे असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणत असतो, याचा विचार करण्याची वेळ सहसा येत नाही. आपल्या जुन्या खरेदीखतांतून जमिनीचे वर्णन वाचताना मला नेहमी मौज वाटते. जमीन विकली एवढे म्हणून त्या मंडळींचे समाधान होत नसे. तिच्यातील झाडझाडोरा, दगडधोंडा, पाणी, गवत, इतकेच नव्हे तर पुढेमागे सापडलाच तर पुरलेला ठेवासुद्धा घेणाऱ्याचा, आणि तोही पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने, असे ते लिहून ठेवीत. आज आपल्याला हा शब्दांचा पाल्हाळ वाटतो. पण विकणाऱ्याने विकल्यानंतर आपला एक पाय त्या जमिनीत ठेवू नये, हा त्या पाल्हाळामागचा हेतू होता.

आपल्या खिशातील मोबाईल फोनचे खरेदीखत जर कोणी अशा भाषेत लिहू म्हणेल तर त्याची मोठी पंचाईत होईल. कारण कित्येक देशांत, कित्येक वर्षे, विकणाऱ्याने आपला एक पाय फोनमध्ये ठेवूनच तो विकलेला आहे.

ही युक्ती समजावयास फारशी अवघड नाही. फोनमध्ये आपण जे सीमकार्ड घालतो त्यात सामान्यतः पंधरा आकड्यांचा एक ओळखक्रमांक असतो. त्यातील पहिले तीन आकडे देशाचे. भारताचे ४०४ किंवा ४०५, अमेरिकेचे ३१० पासून पुढचे. त्यानंतरचे दोन-तीन आकडे कंपनीचे. कुलूपबंद फोन सीमकार्ड घातल्याबरोबर एवढेच आकडे पाहतो. ते आपल्या धन्याचे असले तर कामाला लागतो, नसले तर हुं की चूं करीत नाही. फोनमध्ये काही बिघाड नसतो. दुसऱ्या कंपनीच्या लहरी त्याला ऐकू येतात, त्यांवर बोलण्याची त्याची कुवतही असते. त्याला फक्त तसे न करण्याची शपथ घातलेली असते, आणि ती शपथ मोडणारा संकेतांक कंपनीच्या तिजोरीत असतो.

माझ्या भाच्याने २०१२ साली न्यू जर्सीहून येताना आपला जुना फोन मामीसाठी आणला. सौभाग्यवतींनी मोठ्या कौतुकाने त्यात आपले पुण्याचे कार्ड घातले. फोनने ते साफ नाकारले. आम्ही तो तपकीर गल्लीत घेऊन गेलो. दुकानातल्या पोराने तो उलटापालटा केला आणि म्हणाला, “काका, फोन एकदम चांगला आहे, पण परका आहे.” भाचा चिडला. “मामा, दोन वर्षे न चुकता पैसे भरलेत मी!” त्याने आपल्या पूर्वीच्या कंपनीला तिकडे फोन लावला. कंपनीच्या बाईंनी अत्यंत गोड आवाजात सांगितले की, संकेतांक फक्त चालू ग्राहकांनाच मिळतो, आणि आपण तर आता आमचे ग्राहक राहिला नाहीत. म्हणजे कुलूप काढण्याचे प्रयोजन ज्या दिवशी निर्माण होते, त्याच दिवशी ते काढून मागण्याचा हक्क संपतो! या तर्कापुढे आमच्या जुन्या नैयायिकांनीही हात टेकले असते.

परंतु रागाच्या भरात कंपनीची बाजू ऐकून न घेणे बरे नव्हे, आणि तिला बाजू आहेच. कंपनी म्हणते : पाचशे-सहाशे डॉलरचा फोन आम्ही तुम्हांला दोनशेला दिला. उरलेले पैसे आम्ही आमच्या पदरचे घातले, ते तुमच्या दोन वर्षांच्या बिलांतून वसूल व्हावयाचे आहेत. उद्या तुम्ही फोन घेऊन शेजारच्या कंपनीकडे गेलात तर आम्ही काय करावे? शिवाय तुम्ही करारावर सही केली आहे. दिलेला शब्द पाळावा की नाही?

पाळावा, यात शंका नाही. ऋण फेडले पाहिजे, हे आपल्या रक्तातच आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी जन्माला येतानाच आपण तीन ऋणे घेऊन येतो, तेथे चौथ्याचे काय! पण माझा प्रश्न कर्जाविषयी नाही, कुलुपाविषयी आहे. ही दोन एकच आहेत असे कंपन्या गृहीत धरतात, आणि आपणही नकळत धरतो. ती एक नाहीत, याचा पुरावा या व्यवसायाच्या इतिहासातच पडलेला आहे.

आयफोन प्रथम अमेरिकेत विक्रीस आला तो २९ जून २००७ रोजी. किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर. ही सवलतीची किंमत नव्हती, पुरी किंमत होती; कंपनीने आपल्या पदरची दमडी घातलेली नव्हती. तरीही तो फोन एटी अँड टी या एकाच कंपनीच्या जाळ्यावर चालणार, आणि वर दोन वर्षांचा करार. येथे फेडावयाचे कर्ज कोणते होते? कर्ज नव्हते; कुलूप मात्र होते. दोन महिने होतात न होतात तोच, ऑगस्टमध्ये, न्यू जर्सीतील जॉर्ज हॉट्झ नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने डाक देण्याचे हत्यार घेऊन ते कुलूप उघडले. तो फोन देऊन त्याच्या बदल्यात त्याने एक निसान मोटार आणि तीन नवे आयफोन मिळविले. त्या एका किल्लीची किंमत बाजाराने काय केली, ते यावरून दिसते. सप्टेंबरात ॲपलने फोनसाठी नवी आज्ञावली धाडली, आणि कुलूप उघडलेले कित्येक फोन एका रात्रीत निर्जीव झाले. अमेरिकन लोक अशा फोनला ‘वीट’ म्हणतात. (आपल्याकडे विटेचे नशीब जरा बरे, तिच्यावर निदान विठोबा उभा आहे.)

करार मुदतीपूर्वी मोडल्याचा दंडही असाच बोलका आहे. व्हेरायझन या कंपनीने नोव्हेंबर २००९ मध्ये मोठ्या फोनांसाठी हा दंड १७५ डॉलरवरून ३५० वर नेला. दरमहा तो दहा डॉलरने उतरे. आता आपण हिशोब करून पाहा. चोवीस महिन्यांच्या करारात तेवीस महिने नेमाने पैसे भरून एखादा गृहस्थ चोविसाव्या महिन्यात बाहेर पडला, तरी त्याच्या डोक्यावर १२० डॉलर उरतच. फोनवरची सवलत हेच जर कर्ज, तर तेवीस हप्त्यांनंतर त्याचा एक तृतीयांश भाग शिल्लक कसा? आणि चोवीस महिने पुरे झाले की बिल कमी व्हावे ना? तेही सहसा होत नसे. कर्ज फिटले तरी हप्ता चालूच. टी-मोबाईलने मार्च २०१३ मध्ये फोनचा हप्ता आणि सेवेचे बिल हे दोन वेगळे करून दाखविले, तेव्हा कुठे सामान्य अमेरिकन माणसाला आपण कशाचे किती देत होतो हे दिसू लागले.

आपल्या गावाकडच्या व्यवहारात गहाणाचे दोन प्रकार सर्वांना ठाऊक होते. कब्जेगहाणात वस्तू सावकाराच्या ताब्यात जाई. तो तिचा उपभोग घेई, पण वस्तू त्याच्याकडे आहे हे साऱ्या गावाला दिसे. नजरगहाणात वस्तू ऋणकोकडेच राही. सावकाराची तिच्यावर फक्त नजर, आणि पैसे बुडाले तर तिच्यावर हक्क. आज आपण कर्ज काढून स्कूटर घेतो तेव्हा हेच करतो. गाडीच्या कागदावर बँकेचा बोजा चढतो, हप्ते फिटले की उतरतो. पण बोजा असतानाही, पेट्रोल अमुक एकाच पंपावर भरा, असे कोणती बँक सांगते? हप्ता थकला तर गाडी ओढून नेईल, तो तिचा हक्क. कुठे जावयाचे ते मात्र माझे मी ठरवितो. कुलूपबंद फोन या दोहोंत बसत नाही. तो ताब्यात माझ्या आहे, आणि आज्ञेत दुसऱ्याच्या. त्याला गहाण म्हणता येत नाही. जुन्या भाषेत अशा चाकराला काय म्हणत, ते वाचकांना ठाऊक आहे.

राहिला शब्द पाळण्याचा प्रश्न. सही केली म्हणजे बांधलाच का मनुष्य? या प्रश्नाला महाराष्ट्रात रक्ताचा आणि राखेचा इतिहास आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, ती मुख्यतः कर्जरोख्यांसाठी. रोखे हाती लागले ते त्यांनी जाळले. त्या रोख्यांवर त्यांच्याच सह्या-निशाण्या होत्या. सरकारने चौकशी नेमली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा केला त्यात न्यायाधीशाला एक विलक्षण अधिकार दिला : रोख्यावर लिहिलेल्या आकड्यापाशी न थांबता त्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय झाला हे तपासण्याचा. मला हे तत्त्व फार मोलाचे वाटते. सही खरी असूनही करार खोटा असू शकतो, हे त्यात मान्य केलेले आहे. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही अन्यायकारक कराराची व्याख्या आहे. नुकसानीच्या मानाने अगदीच अवाजवी दंड लादणे त्यात मोडते. अमेरिकेतला ग्राहक हा काही सुप्याचा कुणबी नव्हे. तो शिकलेला, पोट भरलेला असतो. पण बाजारातल्या साऱ्या मोठ्या कंपन्या सारखेच कागद पुढे करीत तेव्हा त्याच्या सहीलाही निवड म्हणणे कठीणच होते.

अमेरिकेत तर यापुढे आणखी गंमत झाली. चित्रपट आणि गाणी यांच्या चोरट्या नकला होऊ नयेत म्हणून तेथे १९९८ साली एक कायदा झाला होता. आज्ञावलीला घातलेले कुलूप मोडणे हा त्याने गुन्हा ठरविला. फोनचे कुलूप हेही आज्ञावलीचेच, म्हणून तेही त्याच्या कक्षेत आले. २००६ मध्ये फोनला त्यातून सूट मिळाली. ऑक्टोबर २०१२ मध्ये ती मागे घेतली गेली : २६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेल्या फोनचे कुलूप कंपनीला न विचारता काढणे बेकायदेशीर. आपण येथे प्रजासत्ताक दिनाची जिलबी खात होतो, त्या दिवसापासून एका लोकशाही देशातला नागरिक स्वतःच्या खिशातील वस्तूपुढे गुन्हेगार ठरू लागला. लोक खवळले. १ लाख १४ हजारांवर सह्यांचा अर्ज अध्यक्षांच्या कचेरीकडे गेला, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ओबामांनी ती सूट परत देणाऱ्या कायद्यावर सही केली. तीही कायमची नव्हे. अशा सवलतींचा दर तीन वर्षांनी पुन्हा विचार करावयाचा असतो. कॅनडाने १ डिसेंबर २०१७ पासून कुलूप फुकट काढून देणे कंपन्यांना बंधनकारक केले, आणि ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकण्यासच मनाई केली. तेथील कंपन्यांचे दिवाळे निघाले नाही.

इथवर माझे मन स्वच्छ आहे. ते घुटमळते ते आपल्या देशात आल्यावर. आपल्याकडे फोन बहुतेक पुऱ्या पैशांनी आणि मोकळाच घ्यावयाचा, अशी रीत पडली. पण २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सने सुरुवातीला ५०१ रुपये घेऊन लोकांच्या हाती फोन दिले. ते दुसऱ्या कोणाच्या जाळ्यावर चालत नसत. २०१७ मध्ये जिओफोन आला, १५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर. तोही एकाच कंपनीचा. ज्यांच्या घरी त्यापूर्वी कधी फोनची घंटी वाजली नव्हती अशा किती घरांत या बांधलेल्या फोनांनी मुंबईला गेलेल्या मुलाचा आवाज आणला! त्या माउलीला मी मालकीहक्काचे प्रवचन द्यावे काय? मोकळा फोन तिला परवडत नव्हता. बांधलेल्या फोनने तिला बांधले की सोडविले?

येथे मला एक फरक मात्र दिसतो. अनामत म्हणजे अनामत. वस्तू माझी नाही, वापरावयास दिली आहे, हे त्या शब्दातच कबूल आहे. टपाल-तार खात्याचा तो काळा, जड टेलिफोनही आपला नसे, खात्याचा असे. त्याचे आपण भाडे भरीत होतो, आणि कोणाचीही तक्रार नव्हती. भाड्याला भाडे म्हणा. अमेरिकन दुकानांच्या काचांवर मात्र ‘फुकट’ आणि ‘तुमचा’ असे दोन शब्द शेजारी शेजारी लिहिलेले असत, आणि खरे म्हटले तर दोन्ही खोटे होते.

अलीकडे तर हप्त्यावर फोन देणाऱ्या काही सावकारांनी हप्ता चुकताच तो दुरूनच बंद पाडण्याची सोय त्यात आधीच घालून ठेवण्यास सुरुवात केली आहे. या कुलुपामागे खरे कर्ज आहे, हे मी नाकारीत नाही. पण आमच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या मावशींचे पैसे आता फोनवर येतात, घाऊक बाजारातला भाव फोनवर कळतो, शाळेतून मुलीचा निरोप फोनवर येतो. त्यांचा हप्ता थकला आणि फोन मुका झाला, तर पुढचा हप्ता त्यांनी कशाच्या जोरावर कमवावा? दिवाणी न्यायालय जप्ती काढते तेव्हासुद्धा कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची अवजारे जप्तीतून वगळते. ती नेली तर कर्ज फेडणारा हातच नाहीसा होतो, हे कायद्याने फार पूर्वी ओळखले. मावशींचा फोन हे हत्यार आहे की चैन, हे त्या दिवाणी कायद्याच्या पोथीत अजून कोणी लिहिलेले नाही.