आत्मौपम्य : परक्याचे सुख ओळखण्याची साधना



सहाव्या अध्यायाच्या बत्तिसाव्या श्लोकात भगवंतांनी परमयोग्याचे लक्षण सांगितले आहे. इतरांचे सुख व दुःख जो स्वतःच्या उपमेने जाणतो, तो योगी श्रेष्ठ होय. उपमा हे कल्पनेचे कार्य आहे. परक्याची वेदना आपल्या देहाला होत नाही. ती कल्पनेनेच जाणावी लागते.

परंतु हीच कल्पना आपणांस फसवितेही. शोळिंगनल्लूर येथे मी भाषांतराचे काम करतो. गतवर्षी बसथांब्यावर एका वृद्धाने इंग्रजीत छापलेला एक कागद मजपुढे धरून त्यातील मजकूर सांगण्याची विनंती केली. त्याची झिजलेली बोटे दिसताच माझा हात मागे सरला. तो काही न बोलता निघून गेला. त्याच रात्री मला या श्लोकाचा अनुवाद तपासावयाचा होता; लेखणी चालेना.

माझे भय निराधार होते. कुष्ठ हे पूर्वपापाचे फळ नव्हे. त्याचा जंतू हॅन्सेन यांनी १८७३ साली शोधला. बहुतेकांच्या अंगी त्यास तोंड देण्याची शक्ती उपजतच असते. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने तो पूर्ण बरा होतो. गेलेली बोटे मात्र परत येत नाहीत. येथून फार दूर नसलेल्या चेंगलपट्टू येथे १९५५ साली या रोगाच्या संशोधनाची केंद्रीय संस्था स्थापन झाली. हे सारे असूनही कुष्ठ हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत राहिले. रोगावर औषध सापडले, पण दूषित कल्पनेवर ते सापडले नव्हते.

ते औषध आत्मौपम्य होय. परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित होते. कुष्ठाने ग्रासल्यावर ते सेवाग्रामी आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले व स्वहस्ते त्यांच्या अंगाला मालिश केली. मी विचार केला : ज्यांनी माझ्याप्रमाणेच बालपणी शब्दरूपे घोकली, त्यांच्या हाती हा रोग आला, मग तो माझ्या हाती का येऊ नये? अशा बोटांनी मी पोथीचे पान कसे उलटले असते?

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानी घ्यावी. श्लोकात सुखाचा उल्लेख दुःखाआधी आहे. केवळ दुःख कल्पिले तर दया उपजते, आणि दयेतही अंतर उरते. म्हणून त्या माणसाचे सुखही कल्पावे : त्याचे कौशल्य, त्याचा विनोद, नातवाची वाट पाहणे. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्यास महारोगी सेवा समिती स्थापिली. तिच्या आनंदवनात याच हातांनी शेते पिकविली. तेथे घेणारे देणारे झाले.

तेव्हा वाचकहो, सायंप्रार्थनेनंतर, ज्याच्याविषयी मनात किळस आहे असा एकच माणूस डोळ्यांपुढे आणावा; समूह नव्हे, एकच माणूस. त्याचा एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत मनाने जगावा. मात्र ही साधना आसनावरच संपली तर ती व्यर्थ होय.

मी त्या थांब्यावर पुन्हा पुन्हा गेलो. तो वृद्ध मला भेटला नाही. पुढील वेळी माझा हात मागे न सरो, एवढेच भगवंतांपाशी मागणे आहे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥