दार लावण्यापूर्वी

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे १२:१०, निर्गम २२:२६, २७, २ शमुवेल १२:१–७



गेल्या नाताळाच्या आदल्या रात्री आमच्या मंडळीतील लहानथोर घरोघर गीते गात फिरले. थंडी कडाक्याची होती. आम्ही शाली व घोंगड्या पांघरल्या होत्या, आणि ज्याला उतारशाळेत जागा मिळाली नाही त्या बालकाविषयी मोठ्या प्रेमाने गात होतो. परत आलो तेव्हा उपासनामंदिराच्या पायरीपाशी एक कुत्री आपली चार पिल्ले पोटाशी घेऊन पडली होती. माझ्या विजेरीचा उजेड तिच्यावर पडला. ती थरथरत होती. मी तिला पाहिले, आत गेलो आणि दार लावून घेतले. सकाळी उपासनेस आलेल्या मुलांना त्यांतील दोन पिल्ले ताठ झालेली आढळली. एका लहान मुलीने मला विचारले, “पाळकसाहेब, आतमध्ये जागा नव्हती का?” तिला उत्तर देणे मला जमले नाही. म्हणून आज हे चार शब्द तुमच्यापुढे ठेवीत आहे. आणि ह्यात पहिला बोध मलाच घ्यावयाचा आहे.

नीतिसूत्रांतील आपल्या वचनाचा आशय तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाची काळजी वाहतो, असे तेथे सांगितले आहे. मूळ इब्री भाषेत ह्या ठिकाणी जो शब्द आहे त्याचा साधा अर्थ ‘जाणणे’ असा होतो. नीतिमान आपल्या जनावराचा जीव जाणतो. हे ध्यानात घेण्याजोगे आहे. दया करावयाची तर आधी जाणले पाहिजे. त्या रात्री माझ्या अंतःकरणात दया नव्हती असे नाही. मी जाणून घेण्याचे टाळले. पाहणे आणि जाणणे ह्यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्या अंतरात ती दोन पिल्ले मेली.

तर मग काय जाणावयाचे? प्रथम हे, की आपल्या देशातील गावकुत्र्या बहुधा पावसाळा सरता सरता गाभण राहतात आणि ऐन हिवाळ्यात वितात. म्हणजे निफाडाकडे पारा ज्या दिवसांत काही वर्षी पाच अंशांखाली उतरतो, त्याच दिवसांत ही उघडी, आंधळी पिल्ले भुईवर पडतात. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लास स्वतःची ऊब निर्माण करता येत नाही. पहिले दोन आठवडे ते सर्वस्वी आईच्या व भावंडांच्या ऊबेवर जगते. फार काय, आरंभीच्या दिवसांत त्यास धड कुडकुडताही येत नाही. ते ओरडत नाही म्हणून ते सुखी आहे असे समजू नये. गारठलेले पिल्लू पुष्कळदा गप्पच होते.

मोठा कुत्राही दिसतो तितका कणखर नसतो. आपल्या गावठी कुत्र्याच्या अंगावर आखूड केस असतात. शेपटीखाली नाक खुपसून तो वेटोळे करून निजतो, ते आपली ऊब राखण्यासाठीच होय. म्हातारा, रोगी किंवा उपाशी कुत्रा ह्या ऋतूत सर्वांत आधी खचतो. त्यास काय पाहिजे? राजवाडा नको. पडवीचा एक कोपरा, गोठ्याची एक बाजू, किंवा चार विटांवर टाकलेली फळी पुरे. आपल्याकडे हिवाळ्यातील वारा बहुधा उत्तरेकडून व ईशान्येकडून येतो. म्हणून आडोसा त्या बाजूस असावा आणि तोंड दक्षिणेस ठेवावे. खाली कोरडे पाचट किंवा पेंढा पसरावा, वर गोणपाट टाकावे. मात्र ते रोज चाचपून पाहावे. कारण ओले गोणपाट अंगाची ऊब शोषून घेते, आणि त्यापेक्षा काही नसलेले बरे. थंडीच्या दिवसांत कुत्र्यास आंघोळ घालू नये. संध्याकाळची भाकरी थोडी अधिक घालावी, कारण शरीराची चूल अन्नानेच पेटते. परंतु कांदा-लसूण घातलेले कालवण कुत्र्यामांजरांस देऊ नये. ते त्यांस विषासारखे आहे.

मांजराची गोष्ट थोडी निराळी. ते स्वतः ऊब शोधून काढते, आणि तेथेच त्याचा घात होतो. रात्री विझलेल्या चुलीच्या राखेत ते शिरते. पहाटे गृहिणी अंधारात काडी ओढते. म्हणून, भगिनींनो, चूल पेटविण्यापूर्वी एकदा आत पाहावे. ज्यांच्या दारी मोटार किंवा ट्रॅक्टर आहे त्यांनी तो चालू करण्यापूर्वी इंजिनाच्या झाकणावर दोनदा थाप मारावी, कारण गरम इंजिनाजवळ मांजर निजलेले असते. उसाच्या फडातील पाचट पेटविण्यापूर्वी एक फेरी मारावी, कारण मांजरीने पिल्ले तेथे ठेवलेली असू शकतात. शेगडी पेटवून घराची दारेखिडक्या गच्च लावून निजू नये. तिच्या धुराबरोबर येणारा विषारी वायू दिसत नाही व त्यास वासही नसतो, आणि तो माणूस व मांजर दोघांसही निजल्या जागी मारतो.

आणखी एक गोष्ट. आपण कुत्र्यास राखणीसाठी ठेवतो आणि रात्री साखळीने अंगणात बांधतो. तो थंडीत काकडतो, आणि ऊस तुटून रान मोकळे झाले म्हणजे बिबट्यास आयताच सापडतो. अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या आहाराविषयी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुत्रा हेच त्यांचे मुख्य भक्ष्य आढळले. जो आपले घर राखतो त्यास पळण्याचीही सोय न ठेवता बाहेर बांधणे, हा न्याय नव्हे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वयेही, पाळलेल्या जनावरास पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे आणि त्यास आखूड साखळीने अवाजवी काळ जखडून ठेवणे हा गुन्हा आहे. परंतु ख्रिस्ती मनुष्याने शिपायाच्या भयाने दयाळू व्हावे काय?

येथे कोणी म्हणेल, “गावात कित्येक माणसांस पांघरूण नाही, आणि तुम्ही कुत्र्यामांजरांचे काय सांगता?” हा प्रश्न खरा आहे, तो झिडकारू नये. निर्गमातील आपला शास्त्रपाठ पाहा. गरिबाने गहाण ठेवलेले वस्त्र सूर्य मावळण्यापूर्वी त्यास परत द्यावे, अशी तेथे आज्ञा आहे; कारण त्याचे पांघरूण तेवढेच. परमेश्वर थंडीची रात्र जाणतो, आणि कुडकुडणाऱ्याची हाक ऐकतो. म्हणून ज्याच्या शेजारी ऊसतोडणी करणाऱ्यांची झोपडी आहे आणि घरी जास्तीची वाकळ आहे, त्याने ती आधी तेथे न्यावी. परंतु फाटके गोणपाट तर आपण माणसास देणार नाही ना? ते कोपऱ्यात कुजत पडले आहे. जी दया फुकट करता येते तीही न करणारा मनुष्य, पैसे पडतील ती दया करील असे मला वाटत नाही.

इतिहासही हेच सांगतो. प्राण्यांवरील क्रूरता थांबविण्यासाठी लंडन येथे १८२४ साली जी संस्था निघाली, तिच्या स्थापनेत आर्थर ब्रूम हा पाळक पुढे होता. आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध अनेक वर्षे झगडलेला विल्बरफोर्स हाही तिच्या संस्थापकांपैकी एक होता. १८२६ साली संस्थेच्या कर्जापायी ब्रूम ह्यास तुरुंगात जावे लागले. ज्यांनी बेड्या घातलेल्या माणसांसाठी आयुष्य वेचले त्यांस मुक्या जनावरांसाठीही वेळ सापडला. दया ही घागरीतील पाणी नव्हे, की एकास दिले म्हणजे दुसऱ्यास उरत नाही. ती झऱ्यासारखी आहे.

दुसरा कोणी म्हणेल, “शास्त्रात तर कुत्र्याचा उल्लेख हलकेपणानेच येतो, आणि मांजराचे नाव आपल्या छासष्ट पुस्तकांत कोठेही नाही.” खरे आहे. परंतु लाजराच्या फोडांजवळ श्रीमंत आला नाही, कुत्रे आले. चिमणीचे मोल बाजारात कवडीचे, तरी ती पित्याच्या दृष्टीआड भूमीवर पडत नाही. निनवेवर दया करताना देवाने तेथील गुराढोरांचीही गणना केली. ज्याच्या गणनेत एवढे बसते, त्याच्या गणनेतून आपल्या पायरीवरील चार पिल्ले गळून पडतील काय?

शेवटी नाथान संदेष्ट्याने दावीद राजास सांगितलेला दाखला आठवा. गरिबाजवळ एकच मेंढरी होती. ती त्याच्या घासातले खाई आणि त्याच्या कुशीत निजे. दावीद राजास राग आला तो त्या कुशीचे मोल जाणल्यामुळे. गारठलेल्या पिल्लावर आजही तोच उपाय आहे. त्यास विस्तवाजवळ धरू नये आणि लगेच दूधही पाजू नये. थंडगार पोटास दूध पचत नाही. कोरड्या फडक्यात गुंडाळून ते आपल्या छातीशी, कपड्याच्या आत धरावे, आणि हळूहळू ऊब आली म्हणजे आईजवळ परत ठेवावे. आई गुरगुरत असेल तर हात घालू नये. तिच्याजवळ गोणपाट सारून दूर व्हावे. चावा झालाच तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. दयेने शहाणपण सोडू नये.

पायरीवरील त्या कुत्रीसाठी आम्ही नाताळाच्या दुपारी जिन्याखाली पाचट अंथरले. उरलेली दोन पिल्ले जगली. ती आता मोठी झाली आहेत आणि उपासनेच्या वेळी दारात येऊन निजतात. त्यांना पाहिले म्हणजे मला इतर दोघांची आठवण होते. ती आठवण देवाने माझ्याकडून काढून घेऊ नये.

प्रिय जनहो, आज रात्री कौटुंबिक प्रार्थना आटोपल्यावर तुम्ही दिवा मालवाल आणि कडी लावावयास जाल. तेव्हा क्षणभर थांबा. बाहेर डोकावून पाहा. तेथे कोण उरले आहे ते जाणून घ्या, आणि मग दार लावा. ज्याने आपल्यासाठी गव्हाणीत, जनावरांच्या निवाऱ्यात जन्म घेतला, तो आपल्या घरांच्या उंबरठ्यावर निष्ठुरता न देखो. आमेन.