दोन होकार

मागच्या महिन्यात सकाळच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक मुलगी आमच्याकडे आली. यंदाच बी.कॉम. झालेली. हातात दोन पत्रे. एक मालाडच्या कॉल सेंटरचे : पगार २४ हजार, रात्रपाळी, घरापर्यंत गाडी. दुसरे वसईतल्याच एका सी.ए.च्या ऑफिसचे : १३ हजार, पण जीएसटीपासून ताळेबंदापर्यंत काम शिकायला मिळणार. तिचा प्रश्न होता, "फादर, यातली बरोबर नोकरी कुठली?"

आता नोकरीतले आम्हांला काय कळणार! बिशप बदलीचे पत्र देतात आणि आम्ही सामान बांधतो. पण तिचा 'बरोबर' हा शब्द आमच्या मनात अडकून राहिला.

सेमिनरीत आम्हांला बुरिदानच्या गाढवाची गोष्ट सांगत. गवताच्या दोन अगदी सारख्या पेंढ्यांमध्ये उभे असलेले गाढव, कुठली खावी हे न ठरल्यामुळे उपाशी मरते. (चौदाव्या शतकातल्या त्या पंडिताच्या ग्रंथांत हे गाढव कुठेच सापडत नाही, नाव मात्र त्याला चिकटले.) या मुलीच्या पेंढ्या मात्र सारख्या नव्हत्या. आम्ही विचारले, "मालाडवाल्यांनी आणखी हजार रुपये दिले, तर ठरेल का?" ती म्हणाली, "नाही, फादर." दोन्ही नोकऱ्या तोलून समान असत्या, तर हजार रुपयांनी पारडे झुकले असते. तत्त्वज्ञ रूथ चांग यांनी हेच दाखवले आहे : काही पर्याय एकमेकांपेक्षा सरस नसतात आणि समानही नसतात. तिथे उत्तर आधीच कुठे दडलेले नसते. आपण कशासाठी उभे राहायचे, हे आपल्यालाच ठरवावे लागते.

तिच्या पप्पांनी घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढले आहे. वेदीवरून पैशाला नावे ठेवणे आम्हांला सोपे जाते. ज्याला दर महिन्याला हप्ता भरायचा आहे, त्याला नाही. म्हणून 'पैशाकडे पाहू नकोस' असे आम्ही तिला म्हटले नाही. हप्ता पप्पांच्या पगारातून निघतो का, एवढेच विचारले. ओढूनताणून निघतो, म्हणाली.

पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली मान्यता दिलेल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात संत इग्नेशियस लोयोला यांनी निवडीचे दोन प्रकार केले आहेत. विवाह किंवा गुरुदीक्षा यांसारखी निवड बदलता येत नाही. काही निवडी बदलता येतात. पहिली नोकरी या दुसऱ्या प्रकारातली. आपल्या घरांतून मात्र तिची चर्चा सोयरीक जुळवल्यासारखी चालते. त्याच ग्रंथात एक युक्तीही आहे : आपल्याच अवस्थेतला एखादा अनोळखी माणूस समोर आला, तर त्याला काय सल्ला देऊ, ते पाहावे. आम्ही तिला तसे करायला सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "फादर, मी दोघांनाही हो कळवलंय. दोन्हीकडे एक तारखेला हजर व्हायचंय."

इथे मात्र आम्हांला तोलायला काही उरले नाही. कुठली नोकरी घ्यावी याबद्दल शंका असू शकते, पण एका खुर्चीसाठी आपला खोटा होकार पडून असताना तिची वाट पाहणारे दुसऱ्या कुणाचे तरी लेकरू घरी बसलेले असते. "बाय, आज रात्रीपर्यंत ठरव आणि उद्या एका ठिकाणी नाही कळव," असे आम्ही थोडे कडकच बोललो.

दुसऱ्या दिवशी तिने मालाडला फोन केला. पलीकडच्या बाई रागावतील अशी तिला भीती होती. त्या म्हणाल्या, "वेळेवर सांगितलंस, बरं झालं." पप्पा अजून थोडे नाराज आहेत.