वासना मेली, मग देव का भेटला नाही?

गेल्या कार्तिकात आर्वी तालुक्यातील एका लहान गावी सप्ताह होता. कीर्तनसेवा आमच्याकडे होती. सातव्या रात्री नेहमीच्या ओघात आम्ही सांगून गेलो, "बाबांनो, वासना जाळा. वासना गेली की देव उभाच आहे." टाळकऱ्यांनी साथ दिली, मंडळींनी माना डोलावल्या, आमचेही समाधान झाले. दुसऱ्या दिवशी काला झाला. लाह्या-दह्याचा प्रसाद वाटणे चालू असता एक पस्तिशीची बाई प्रसाद हातात तसाच धरून पुढे आली आणि म्हणाली, "महाराज, माही वासना तं कवाचीच मेली जी. जेवाची नाही, ल्यावाची नाही, कोनाशी बोलाची नाही. मंग मले देव काहून नाही भेटला?"

दोन वर्षांमागे तिचा मालक गेला. कसा गेला, हे आपल्या जिल्ह्यात फोड करून सांगावे लागत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने 2006 साली विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांना मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. आणि ते दुःख आजही आपल्या गावांतून हटलेले नाही.

आम्ही तिला काय उत्तर दिले? काही नाही. "माउली, नाम घ्या," एवढे पुटपुटलो आणि पुढच्याच्या हातावर प्रसाद ठेवला. पण रात्री झोप आली नाही. बाई खोटे बोलत नव्हती. आम्ही सांगितलेली अट तिने पुरी केली होती. मग चूक कोणाची?

प्रथम शब्दच तपासून पाहू. आम्ही व्यासपीठावर ‘वासना’ म्हणतो तेव्हा पोथीतला अर्थ मनात असतो: जन्मोजन्मीचे संस्कार, विषयांची ओढ. पण घरात हा शब्द काय काम करतो? आजारी माणसाला भेटायला गेले की म्हातारी माणसे विचारतात, "अन्नावर वासना आहे का?" आहे म्हटले की सर्वांना हायसे वाटते. "अन्नावरची वासना उडाली" म्हटले की चेहरे उतरतात. म्हणजे पोथीत जी गेली तर मोक्ष, तीच घरात गेली तर वैद्याला बोलावणे! त्या बाईने घरचा अर्थ ऐकला. आम्ही पोथीचा सांगितला. दोन्ही अर्थ खरे. पण ते वेगळे आहेत, हे सांगण्याचे काम आमचे होते आणि ते आम्ही केले नाही.

असाच दुसरा शब्द ‘हौस’. वर्धा हे हिंदी-मराठीच्या सरमिसळीचे गाव. राष्ट्रभाषा प्रचार समिती 1936 साली येथेच निघाली. आमच्या एका माळकरी स्नेह्यांची सून उत्तरेकडची. ती नवी नवी घरात आली तेव्हा सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "आमच्या ह्यांना वारीची भारी हौस." पोरीने एकदम मान खाली घातली. तिला ‘हवस’ ऐकू आली होती! पण हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. मूळ शब्द एकच, अरबीतला, फारशीतून आपल्याकडे आलेला. हिंदीत तो ‘हवस’ होऊन खाली उतरला, त्यात लालसा आणि देहविकारच उरला. मराठीत तो ‘हौस’ झाला आणि निर्मळ राहिला. आपण हौसेने तोरण बांधतो, हौसेने नातवाला अंगडे शिवतो.

हा प्रकार आपल्याकडेच आहे असेही नाही. आमच्या ओळखीचा एक तरुण नोकरीनिमित्त नॉर्वे देशात असतो. दिवाळीला आला तेव्हा ही सुनेची गंमत ऐकून तो म्हणाला, "काका, इंग्रजीत ‘लस्ट’ म्हणजे निव्वळ कामविकार. तिकडे नॉर्वेत त्याच मुळाचा शब्द आहे ‘ल्यूस्त’. तिथली म्हातारी शेजारीण मला खुशाल विचारते, कॉफीची ल्यूस्त आहे का?" इंग्रजीतही फार पूर्वी ‘लस्ट’चा अर्थ नुसता आनंद, इच्छा असा होता, पुढे तो आकसला. नॉर्वेच्या लोकांनी तो तसा आकसू दिला नाही. हावेसाठी त्यांच्याजवळ निराळा शब्द आहे, ‘बेयॅर’. शेजाऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नको या बायबलातल्या आज्ञेत तोच येतो. आणि ‘लिव्सल्यूस्त’ म्हणून आणखी एक शब्द त्या तरुणाने सांगितला. त्याचा अर्थ जगण्याची गोडी. हा शब्द ऐकला आणि आमच्या डोळ्यांपुढे ती प्रसाद धरून उभी असलेली बाई आली. तिचे नेमके हेच गेले होते. आणि आम्ही तिला सांगत होतो, जाळ!

कोणी म्हणेल, हा शब्दांचा खेळ झाला. शास्त्र काय म्हणते ते सांगा. तर शास्त्राकडेच जाऊ. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो, माणूस इच्छा नसता पाप करतो, त्याला ढकलतो कोण? भगवंत उत्तर देतात, काम आणि क्रोध; हा काम मोठा खादाड आहे, हाच वैरी समज. आणि तेच भगवंत सातव्या अध्यायात म्हणतात की, धर्माला सोडून न जाणारा जो काम प्राण्यांच्या ठिकाणी आहे तो मीच आहे. एकच शब्द, एकदा वैरी, एकदा स्वतः देव! आईला संस्कृत गीता कळेना म्हणून विनोबांनी ती मराठीत आणण्याचे मनावर घेतले आणि 1930-31 मध्ये वर्ध्यात ‘गीताई’ रचली. गोपुरीत 1980 साली झालेल्या गीताई मंदिरात ती सगळी शिळांवर कोरलेली आहे. तेथे तिसरा अध्यायही दगडात आहे, सातवाही आहे. आम्ही कीर्तनकार मात्र तिसऱ्याच्या शिळेपाशी थांबतो आणि तेथूनच परत फिरतो.

आणि वर्धा नदीच्या पलीकडच्या काठावर कौंडण्यपूर आहे, आपल्या रुक्मिणीमातेचे माहेर. घरच्यांनी दुसरीकडे लग्न ठरविले तेव्हा तिने कृष्णाला पत्र धाडले, मला येऊन घेऊन जा. ही इच्छा नव्हे तर काय? ती वासना म्हणून जाळली असती तर विठोबाशेजारी आज कोण उभी असती? नाथमहाराजांनी तर त्या स्वयंवरावर आख्खा ग्रंथ लिहिला. आपला पंथच असा आहे की येथील संत मोक्ष नको म्हणतात आणि भक्तीसाठी पुन्हा जन्म मागतात. हे सर्व इच्छेचेच बोलणे आहे.

"मग काय, सगळ्याच इच्छा चालतील?" हा प्रश्न रास्त आहे. चालणार नाहीत. मराठीत वीणेचा तो नाद आणि दारूचा तोही नादच. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी असूनही दुसऱ्या नादाने किती घरे बसली हे आपण पाहतो. मग ओळखायचे कसे? गीतेने खूण सांगून ठेवली आहे: खादाडपणा. दारूचा नाद लागलेल्या माणसाला मुलीच्या फ्रॉकची हौस राहत नाही, शेतीची राहत नाही, शेवटी भाकरीचीही राहत नाही. तो एक नाद बाकीच्या सगळ्या इच्छा खाऊन टाकतो, आपल्याही आणि घरच्यांच्याही. भजनाचा नाद लागलेला माणूस दुसऱ्याला हाक मारतो, "चल रे, तूही चल." जी इच्छा दुसऱ्याच्या इच्छेला जागा देते ती देवाकडची, जी गिळते ती वैऱ्याकडची.

आणि वैराग्य? आपण कापूस पिकविणारी माणसे. पाऊस दडी मारतो तेव्हा पऱ्हाटीची पाती गळतात; आपण त्याला पातेगळ म्हणतो आणि कपाळाला हात लावतो. तेच पाते झाडावर राहिले, त्याचे बोंड झाले, पिकून फुटले, की कापूस आपणहून बाहेर येतो आणि वेचणाराच्या हाती सहज सुटतो. वैराग्य हे असे फुटलेले बोंड आहे. ज्याने भरून घेतले तोच सोडू शकतो. त्या बाईची झाली होती ती पातेगळ. तिला आम्ही वैराग्य समजलो, हा आमचा अपराध.

महिनाभराने आम्ही मुद्दाम त्या गावी गेलो. तिच्या सासूसमोर ओट्यावर बसून विचारले, "बाई, काही म्हणजे काहीच करावेसे वाटत नाही का?" पुष्कळ वेळ ती बोलली नाही. मग पदर सावरीत म्हणाली, "पंढरीले पायी जावाची लई हौस होती जी, लहानपनापासून. पन आता लोक काय म्हनतीन? नवरा मेला अन् हिले फिराची हौस आली."

वाचकहो, येथे सगळा उलगडा झाला. शब्द नुसता हिंदीत गेल्यानेच खाली उतरतो असे नाही. ओट्यावर बसलेली आपली चार माणसेही हे भाषांतर करतात. विधवा बाई ‘हौस’ म्हणते, गाव त्याची ‘हवस’ करून ऐकते. तिची वासना दुःखाने अर्धी मारली. उरलेली अर्धी लोकांच्या कानांनी मारली. आणि वर आम्ही व्यासपीठावरून सांगत होतो, जाळा.

सासू म्हातारी, माळकरी. ती सुनेकडे न पाहता एवढेच बोलली, "माह्या पायानं आता होत नाही. ह्या पोरीनं जावं, माहा दंडवत सांगावा." आम्ही यात काही घातले नाही. आषाढीला जायचे की नाही हे ती बाई ठरवील. दिंडीच्या विणेकऱ्यांना मात्र आम्ही सांगून ठेवले आहे की, बायांच्या रांगेत एक जागा राखून ठेवा, आणि ती आली तर कोणी काही विचारू नका.

‘वासना जाळा’ हे वाक्य आम्ही त्या दिवसापासून कीर्तनात म्हणत नाही. समोर बसलेल्यांत पोट भरलेले कोण आणि अन्नावरची वासना उडालेले कोण, हे पाहिल्याशिवाय ते म्हणू नये, असे आम्हांस वाटते. आमच्या इतर बंधूंनीही याचा विचार करावा, ही त्यांच्या पायी विनंती.

रामकृष्णहरि.