बॅसिलिका ते देवाचा दरबार

महाबळेश्वरचे होली क्रॉस चर्च 1831 सालचे, ख्राइस्ट चर्च 1842 सालचे. सहलीला आलेली माणसे त्यांच्याकडे पाहून ‘अस्सल युरोपीय’ म्हणतात. मला बोलायचे आहे ते या अस्सलपणाबद्दलच. युरोपातल्या चर्चने आपले रूप कुणाकडून घेतले आणि कितीदा बदलले हे नीट पाहिले, तर 1917 साली साताऱ्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी जे केले त्याचा अर्थ वेगळा लागतो.

पहिली जवळजवळ तीन शतके ख्रिस्ती मंडळींना स्वतःची अशी वास्तुशैली नव्हतीच. लोक घराघरांत जमत. युफ्रेटिस नदीकाठच्या ड्युरा-युरोपस या रोमन ठाण्यात तिसऱ्या शतकातले असे एक घर उत्खननात सापडले आहे. मधली भिंत काढून दोन खोल्यांची एक केलेली, दुसऱ्या खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड, भिंतींवर चित्रे. बाहेरून मात्र ते चारचौघांसारखे घर. 313 साली सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात धर्माला मोकळीक मिळाली आणि मोठ्या जमावाला सामावणारी जागा हवी झाली. रोमन देवळांचा नमुना उपयोगाचा नव्हता, कारण तिथली वेदी बाहेर असे आणि आत लोक जमत नसत. मग उचलला गेला बॅसिलिकेचा नमुना. बॅसिलिका म्हणजे न्यायनिवाडा आणि व्यापारी व्यवहार चालणारे लांबट सभागृह. आत खांबांच्या रांगा, बहुधा एका टोकाला अर्धवर्तुळाकार जागा, तिथे बसणारा न्यायाधिकारी. त्याच्या जागी वेदी आणि बिशपचे आसन आले. पुढे दीड हजार वर्षे युरोपने ज्याला चर्चचा आराखडा मानले, तो मुळात सरकारी कचेरीचा आराखडा होता.

गॉथिक शैलीचेही तेच. पॅरिसजवळच्या सेंट-डेनी मठाचा प्रमुख सुझे याने चर्चचा वेदीकडचा भाग नव्याने बांधून घेतला. 1144 साली त्याचे अर्पण झाले. प्रकाश हे देवाच्या सान्निध्याचे रूप आहे, ही त्याची श्रद्धा. पण दगडी छताचा भार पेलणाऱ्या जाडजूड भिंतींना मोठ्या खिडक्या पाडणार कशा? टोकदार कमान भार अधिक उभ्या दिशेने खाली नेते, छताच्या फासळ्या तो ठरावीक खांबांवर आणून सोडतात, आणि पुढच्या पिढ्यांनी बाहेरून तिरक्या आधारकमानी लावल्यावर भिंतीला भार वाहण्याचे कामच उरले नाही. तिथे रंगीत काच बसली. एका विचारासाठी बांधकामाचे गणित बदलावे, याचे इतके सुंदर उदाहरण मला दुसरे माहीत नाही. आणि ती टोकदार कमान? कैरोच्या इब्न तुलून मशिदीत ती नवव्या शतकातच उभी होती.

मग धर्मसुधारणा आली आणि प्रॉटेस्टंट चर्चमध्ये प्रवचनाला मान मिळाला. लंडनच्या 1666 च्या आगीनंतर ख्रिस्तोफर रेनने जी चर्च बांधली, त्यांत प्रत्येकाला उपदेशक दिसावा आणि ऐकू यावा हा त्याचा आग्रह होता. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडने पुन्हा मागे वळून मध्ययुगीन गॉथिक हेच खरे ख्रिस्ती रूप असे ठरवले. केंब्रिजमध्ये 1839 साली त्यासाठी एक संस्थाच निघाली, आणि ते मत वसाहतींत पोचले. मुंबईत कुलाब्याचे अफगाण चर्च त्यातूनच उभे राहिले.

महाबळेश्वर इंग्रजांकडे आले ते 1829 च्या करारानुसार. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना त्या बदल्यात खंडाळा गाव मिळाले. ख्राइस्ट चर्च झाले ते मुख्यतः हवा पालटायला वर येणाऱ्या इंग्रज कुटुंबांसाठी. जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तिथे त्यांनी आपल्या गावचे प्रार्थनाघर आठवून बांधले. परक्या मुलखात घरची आठवण बांधून ठेवावीशी वाटणे मला समजते. पण खालच्या साताऱ्यातल्या मराठी ख्रिस्ती माणसाची आठवण त्यात कुठे होती?

साताऱ्यात काम करणारे अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल परंपरेचे, मनोऱ्यांपेक्षा मंडळीला महत्त्व देणारे. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांच्या मिशनची ओळख झाली ती 1894 च्या रुग्णालयाने. तरी उपासनेचा साचा बाहेरूनच आलेला होता.

टिळकांनी तो साचाच मोडला. मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांनाही त्यात जागा होती. त्यांच्या हाती भजने, अभंग आणि कीर्तन होते. चर्च सोडून टिळक भलतीकडे गेले, असे तेव्हा अनेकांना वाटले. मला उलट वाटते. रोमच्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या गावातले सभागृह घेतले, टिळकांनी आपल्या गावातले कीर्तन घेतले. परंपरा पुढे नेण्याची रीत तीच. फरक इतकाच की कॉन्स्टंटाइनच्या काळी सत्तेची वास्तू निवडली गेली, आणि टिळक पुन्हा त्या पहिल्या घराकडे, माणसांच्या बैठकीकडे वळले.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. 1919 साली टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. बिनभिंतीच्या विचाराला सांभाळायला माणसे लागतात; दगडी चर्च माणसे पांगली तरी उभे राहते. टिळकांची गीते मात्र मराठी ख्रिस्ती मंडळींच्या ‘उपासना संगीता’त आजही छापली जातात आणि दर रविवारी गायली जातात.

म्हणूनच वारशाच्या यादीत केवळ महाबळेश्वर-पाचगणीची देखणी चर्च येऊन भागणार नाही. सातारा, वाई, सांगली, मिरज या भागातली साधी, कौलारू प्रार्थनाघरेही त्यात यायला हवीत. तुमच्या गावात असे एखादे असेल, तर तिथल्या पाळकांना आणि वडीलधाऱ्यांना भेटा. वास्तू कुणी बांधली, दगड कुठून आला, कोणती भजने कोणत्या चालीवर म्हटली जात, हे सारे ते सांगतात तोवर लिहून घ्या.